दहा दिवसांचा पाहुणा

परवा सुनेने ओट्यावर काचेची एक बरणी आणून ठेवली. आत पांढरट, चिकट काहीतरी, वर बुडबुडे, बरणीला रबर बँड आणि त्यात खोचलेली चिठ्ठी, ‘दिन तीन’. "मम्मी, इसको फेंकना मत, ये ज़िंदा है," असं सांगून ती ऑफिसला निघून गेली. मी हातातली भाजी बाजूला ठेवून खुर्चीत बसले. झाकण न उघडताच मला तो वास आला, आंबटगोड, नाकात जाऊन बसणारा. इतकी वर्षं मी या वस्तूपासून लांब राहिले, तीन घरं बदलली, शाहपुऱ्यात चौथ्या मजल्यावर येऊन राहिले, तरी हिने मला शोधून काढलंच. सुनेला वाटतं, मोबाइलवर पाहून तिने काही नवंच आणलंय. तिला कोण सांगणार की तिची सासू बारावीच्या वर्षी याच वस्तूपायी रडकुंडीला आली होती. सांगायचं म्हणजे सगळं आठवायचं, आणि आठवलं की माझं डोकं अजूनही तापतं. पण विषय घरात येऊन बसलाच आहे, तर एकदाचं लिहूनच टाकते.

आम्ही तेव्हा भोपाळच्या अयोध्या नगरात नुकतेच राहायला आलो होतो. बाबा कारखान्यात ड्राफ्ट्समन. टाउनशिपमधलं क्वार्टर सोडून त्यांनी हे स्वतःचं घर घेतलं, आणि आईच्या मते आयुष्यातली सगळ्यात मोठी चूक केली. क्वार्टरला भिंतीला भिंत लागून होती, मिरची संपली तर हाक मारायची सोय होती. इथे आमच्या गल्लीत घरं मोजून चार, बाकी रिकामे प्लॉट, त्यांत गाजरगवत आणि त्यात लोळणारी डुकरं. सकाळी कारखान्याचा भोंगा झाला की बाबांची स्कूटर चौथ्या किकला सुरू व्हायची. ती गेली की संध्याकाळपर्यंत गल्लीत दोनच आवाज, पाण्याच्या टँकरचा आणि आईचा. आई नागपूरची, तिला गप्प बसणं ठाऊक नव्हतं. "कुठं आणून टाकलं बाप्पा, बोलायला माणूस नाही," असं ती एकटीच मोठ्याने बोलत फिरायची. माणूस नाही म्हणजे मी होते, पण मी तिच्या हिशेबात नव्हते.

मला इंजिनिअर व्हायचं होतं. बाबा म्हणाले, एकदा प्रवेश परीक्षेला बस, जमलं तर शिकवतो, नाही जमलं तर इथेच बी.ए. कर. बी.ए.च्या मागे काय उभं होतं ते घरात सगळ्यांना माहीत होतं. नागपूरच्या मामाने एक मुलगा ‘पाहून ठेवला’ होता. त्याचं टायरचं दुकान होतं, आणि फोटोतसुद्धा तो एका ट्रकच्या टायरला टेकून उभा होता. आईने तो फोटो देवाच्या फडताळात ठेवला होता, त्यामुळे रोज दिवा लावताना मला त्याचं दर्शन व्हायचं. माझं बाकीचं बरं होतं, गणिताशी मात्र उभा दावा. शिकवणीचा वर्ग दूर शहरात, दोन बस बदलून जायचं, संध्याकाळी उशीर होणार, म्हणून बाबा नाही म्हणाले. आणि गल्लीच्या टोकाला, आमच्यापासून तीस पावलांवर, गणितात एम.एस्सी. झालेल्या सबनीस काकू राहत होत्या.

काकू पुण्याच्या. मुलींच्या शाळेत गणित शिकवायच्या. त्यांचे यजमान बाबांच्याच कारखान्यात मोठे इंजिनिअर, ते ट्रेनिंगसाठी जर्मनीला गेले होते. काकू रजा घेऊन आठ महिने तिकडे राहून आल्या, आणि शाळा सुरू होताना जूनमध्ये एकट्याच परत आल्या. साहेब तिकडेच राहिले. का राहिले, कुणाबरोबर राहिले, हे गल्लीत प्रत्येकीला माहीत होतं आणि नक्की एकीलाही माहीत नव्हतं. काकूंच्या गळ्यात मंगळसूत्र होतं. श्रावणातल्या हळदीकुंकवाला त्यांना बोलवावं तरी पंचाईत, न बोलवावं तरी पंचाईत, म्हणून आईने त्या वर्षी हळदीकुंकूच केलं नाही. समोरच्या श्रीवास्तव आंटी आणि पलीकडच्या नायर आंटी यांना हळदीकुंकवाचं काही नव्हतं, पण काय विचारायचं आणि काय बोलायचं ही अडचण त्यांचीही होती. काकूंचं फाटक आलं की सगळ्या जणी जरा भराभर चालायच्या. मीसुद्धा.

दिवाळीनंतर गणितात शंभरात एकोणतीस आले तेव्हा मात्र मी लाज सोडून ते फाटक उघडलं. काकूंनी माझा पेपर पाहिला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. म्हणाल्या, "शिकवीन. रोज साडेचार ते सहा. फी घेणार नाही. पण माझं एक काम करावं लागेल, आणि ते चुकवून चालणार नाही." मला वाटलं, दळण आणायचं असेल. त्या आत गेल्या आणि एक बरणी घेऊन आल्या. गोड पावाचं आंबवण. जर्मनीत म्हणे मैत्रिणी मैत्रिणींना देतात, त्यातलंच हे, त्यांनी विमानातून आणलेलं. त्यांनी मला एका स्टीलच्या डब्यात वाटीभर घालून दिलं, सोबत मोत्यासारख्या अक्षरात लिहिलेला कागद. पहिला दिवस, काही करू नये. दुसरा ते चौथा, लाकडी चमच्याने हलवावे. पाचवा, एक वाटी दूध, एक वाटी साखर, एक वाटी मैदा घालावा. सहावा ते नववा, पुन्हा हलवावे. दहावा दिवस, पुन्हा तेवढेच घालून चार भाग करावेत. एक आपल्याला ठेवावा, तीन मैत्रिणींना द्यावेत, उरलेल्या चमचाभरात मैदा, तूप, वेलची घालून पाव भाजावा. फ्रीजमध्ये ठेवू नये, धातूच्या भांड्यात साठवू नये. नेण्याआणण्यापुरता डबा चालेल.

घरी आल्यावर आईने कागद वाचला. "दहावा दिवस काय लिहून राहिली ही बाई, कोणी मेलं काय घरात," हे तिचं पहिलं वाक्य. दुसरं वाक्य बरणीबद्दल. धातू चालत नाही म्हटल्यावर तिची लोणच्याची चिनी मातीची मोठी बरणी द्यावी लागली, आणि त्या बरणीचं दुःख तिने पुढे सहा महिने केलं. बाबांनी आत डोकावून पाहिलं, वास घेतला आणि म्हणाले, "पाहुणे आलेत वाटतं." तेव्हापासून घरात त्याचं नाव पाहुणा पडलं. पाहुणे हलवले का, पाहुण्यांना दूध घातलं का. आई म्हणायची, पाहुणा निदान चार दिवसांनी जातो तरी.

आता खरा घोळ कुठे झाला ते सांगते, कारण असा घोळ आपल्याच लोकांत होऊ शकतो. जर्मन बायका डबा देत असतील आणि विसरत असतील, मला ठाऊक नाही. काकूंनी श्रीवास्तव आंटींना आणि नायर आंटींनाही स्वतः जाऊन आंबवण दिलं, आणि दिलं ते आपल्या लग्नातल्या डब्यांतून. प्रत्येक डब्यावर कोरलेलं होतं, ‘सौ. कुसुम सबनीस’. नाव कोरलेला डबा म्हणजे तो परत करणं आलं. परत करायचा तर रिकामा कसा करणार? आणि त्या दिवशी घरात भरायला हाताशी काय असणार, तर हेच. गल्लीत घरं चार. प्रत्येकीने तिघींना द्यायचं. दर दहा दिवसांनी बारा डबे निघायचे आणि बारा डबे पोचायचे, आणि शेवटी प्रत्येकीच्या ओट्यावर पुन्हा तेवढंच आंबवण. मी हे काकूंना गणित म्हणून मांडून दाखवलं. हे कधी संपणार, असं विचारलं. त्या म्हणाल्या, "बंद साखळी आहे. संपणार नाही," आणि त्यांना हसू आलेलं मी पहिल्यांदा पाहिलं. मला मात्र हसू येत नव्हतं.

कारण पाव खायचा कोणी? ओव्हन कुणाकडेच नव्हता. आई कुकरची शिट्टी आणि रिंग काढून, तळाला वाळू घालून भाजायची. घरभर आधी वाळू तापल्याचा वास, मग वेलचीचा, मग खालून करपल्याचा. पहिला पाव आम्ही भांडून खाल्ला. दुसरा आवडीने. तिसरा चहात बुडवून. मग बाबांच्या डब्यात पोळीच्या जागी पाव जाऊ लागला. त्यांच्या ऑफिसातल्या लोकांनी महिनाभर वाहवा केली, मग बाबा जेवायच्या सुट्टीत दिसले की ते उठून जाऊ लागले. आईने पावाचा उपमा केला, पावाचे लाडू केले, एकदा पावाची भजी केली. बाबा ताटाकडे पाहून एवढंच म्हणायचे, "आजही?" रेशनची साखर वीस तारखेच्या आत संपायची. आणि हे सगळं कुणामुळे, तर माझ्यामुळे. आई दिवसातून चार वेळा ऐकवायची, "तुझं गणित आम्ही खाऊन राहिलो." मी इंटिग्रेशन करायला बसावं आणि आतून हाक यावी, शुभा, आज पाचवा दिवस. मधूनमधून त्यात मेथीचा एखादा दाणा सापडायचा. मी तो काढून टाकायची आणि आईने चमचा नीट धुतला नाही म्हणून कुरकुर करायची. आज लिहितानाही तो मेथीदाणा आठवून मला स्वतःचा राग येतो. गणित शिकत होते आणि समोरचा पुरावा दिसत नव्हता.

पण गणित येऊ लागलं होतं, हे खरं. काकू ओरडायच्या नाहीत. चूक झाली की पेन्सिलीचं टोक त्या ओळीवर ठेवून गप्प बसायच्या. मला दिसेपर्यंत बसायच्या. त्यांच्याकडे सोडवलेली सगळी उदाहरणं मी एका जाड रजिस्टरमध्ये उतरवली होती, दिवाळीपासून एप्रिलपर्यंतची. प्रवेश परीक्षेला पाच आठवडे उरले होते आणि ते रजिस्टर म्हणजे माझं सर्वस्व होतं.

आता भोपाळचा एप्रिल. दुपारी कूलरमधूनसुद्धा गरम वाफ येते. माझं टेबल मागच्या खोलीत होतं, मुंग्या चढू नयेत म्हणून त्याचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवलेले. म्हणून पाहुण्याची बरणीही त्याच टेबलावर. त्या दिवशी सकाळी मी घाईत होते, पाचव्या दिवसाचं आणि चुकून राहिलेलं मागचं, असं दोन्ही वेळचं दूध, साखर, मैदा एकदमच ओतलं, झाकण दाबलं आणि शाळेत दाखल्याच्या कामाला गेले. दुपारी येऊन पाहते तर झाकण जमिनीवर आणि पाहुणा टेबलावर. फुगून, उतू जाऊन, रजिस्टरच्या आतपर्यंत गेलेला. पानं एकमेकांना चिकटलेली. सोडवायला गेले तर पाच महिन्यांची शाई मैद्यासकट हातात आली.

मी ओरडले नाही. बरणी उचलली, मागच्या दारी गेले आणि शेवग्याच्या बुंध्याशी पालथी केली. वर बादलीभर पाणी ओतलं. आई धुणं टाकून धावत आली. तिने आधी बरणीत पाहिलं, मग शेवग्याकडे, आणि तिच्या चेहऱ्यावर क्षणभर जो आनंद दिसला तो मी विसरणार नाही. मग तो मावळला. "आणि आता काकूले काय सांगशील? पाच दिवसांनी डबा द्यायचाय तिचा. तिने शिकवणं बंद केलं म्हणजे?"  टायरला टेकलेला तो मुलगा मला स्पष्ट दिसत होता.

उपाय सोपा होता. आणखी दोन घरांत तेच आंबवण होतं. मी भर उन्हात श्रीवास्तव आंटींकडे गेले, म्हटलं, आंटी, आमचं थोडं कमी पडलंय, वाटीभर द्या. आंटींनी पदराने तोंड पुसलं. "अरे बेटा, अभी? अभी तो… अच्छा रुको." आत बराच वेळ खुडबुड झाली, मग एक डबा आला. नायर आंटींकडेही तेच. त्या तर मला दारातच उभं करून म्हणाल्या, "मम्मी को बोलना, थोड़ा पतला है, गर्मी है ना." दोन डबे घेऊन मी जिंकल्यासारखी घरी आले आणि आईपुढे उघडले.

आईने पहिल्या डब्यात बोट बुडवलं, चाटलं. पुन्हा चाटलं. "हे जिलेबीचं आहे," ती म्हणाली. "श्रीवास्तवीणबाई रविवारी जिलेबी करते ना, त्याचं पीठ आहे हे." दुसऱ्या डब्याला नुसता वास पुरे होता. नारळ. नायर आंटींचं आप्पमचं पीठ, त्यात साखर ढवळलेली. आई मोरीच्या कडेला बसली आणि हसायला लागली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मला वाटलं, उन्हाने हिचं डोकं फिरलं. "अगं, त्यांनीपण टाकून दिलं. त्यांचे डबे मी न चाखताच मोरीत ओतत होते, मला वाटलं मी एकटीच." मग तिने सांगितलं. जानेवारीत आम्ही लग्नाला नागपूरला गेलो, परत आलो तेव्हा पाहुण्यावर काळी बुरशी होती. मला कळू नये म्हणून तिने मेथी घातलेल्या इडलीच्या पिठात साखर घालून बरणी भरली, आणि त्यानंतर दर महिन्याला भरत आली होती. पाव फुगायचा तो खायच्या सोड्याने. म्हणजे तीन महिने मी घड्याळ लावून, लाकडी चमच्याने, दूध पाजून, इडलीचं पीठ सांभाळत होते.

मला आईचा जो संताप आला तो सांगता येत नाही. आणि आंटींचा, आणि काकूंचा, आणि सगळ्यात जास्त स्वतःचा. एकीलाही तोंड उघडून म्हणता येऊ नये की बाई, मला नको हे, पुरे कर. तीन घरं एकमेकांना खोटं पीठ वाढत होती आणि डबे धुऊन परत करत होती. मी काकूंचा डबा उचलला. आई मागून म्हणाली, "अगं, रिकामा नको नेऊ, चिमूटभर साखर तरी घाल." मी म्हटलं, घालणार नाही.

काकू व्हरांड्यात पेपर तपासत होत्या. मी डबा त्यांच्यापुढे ठेवला आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. रजिस्टर, शेवगा, जिलेबी, आप्पम, इडली. माझा आवाज चढला होता. त्यांनी झाकण उघडलं आणि आत पाहत राहिल्या. "रिकामा आणलास," एवढंच म्हणाल्या. मग म्हणाल्या, "श्रीवास्तवबाईंचं जिलेबीचं संक्रांतीपासून आहे. नायरबाईंचं त्याच्याही आधीपासून. तुझ्या आईच्यात मेथीदाणे असतात." मी विचारलं, मग तुमचं खरं जे आहे त्यातलं द्या ना पुन्हा. काकू म्हणाल्या, "माझं मुंबईच्या विमानतळावरच मेलं. पिशवीत बघितलं तर हिरवं झालं होतं. तिथेच टाकून दिलं. तुम्हाला दिलं ते मैदा, साखर आणि आपलं घरचं विरजण."

मी विचारलं, "मग कशाला काकू? एवढं सगळं कशाला?" त्यांनी डब्याचं झाकण लावलं, ते नीट बसलं की नाही ते पाहिलं. "जूनपासून दिवाळीपर्यंत माझं फाटक दूधवाल्याशिवाय कुणी उघडलं नाही, शुभा. तू आलीस ती गणितासाठी. डबा दिला की तो परत आणून द्यावा लागतो, आणि आपल्यात रिकामा देत नाहीत. म्हणजे दर दहा दिवसांनी तिघी जणी येणार, पाच मिनिटं बसणार. एवढंच गणित होतं ते." मग त्यांनी पेन्सिल घेतली. "वही काढ. रजिस्टर गेलं तर जाऊ दे, डोक्यात किती आहे ते बघू."

शिकवणं त्यांनी बंद केलं नाही. उलट रोज अर्धा तास वाढवला. बंद झालं ते बाकीचं. दुसऱ्याच दिवशी टँकरपाशी बादल्या लावून आई आणि दोघी आंट्या भेटल्या आणि सगळं फुटलं. तिघी रस्त्यावर उभ्या राहून हसल्या. "हम तो कब के फेंक चुके थे बहनजी," श्रीवास्तव आंटी म्हणाल्या, आणि गल्लीने मोकळा श्वास घेतला. आमच्या घरी पोळी परत आली. बाबांनी डबा उघडून पाहिला आणि बायकोकडे प्रेमाने बघितलं. मला वाटलं होतं, सुटलो. मग दहावा दिवस आला. मी काकूंकडे बसले होते. कोपऱ्यातल्या मेजावर त्यांचे तिन्ही डबे घासून, पुसून, ओळीने ठेवलेले. गल्लीत कुठल्याही फाटकाची कडी वाजली की काकूंची पेन्सिल थांबायची. त्या वर पाहायच्या नाहीत, नुसती पेन्सिल थांबायची. सहा वाजले. अकराव्या दिवशीही तेच. बाराव्या दिवशी माझं उदाहरण पहिल्याच फटक्यात बरोबर आलं आणि त्यांच्या लक्षातच आलं नाही. मला रडायला येत होतं, आणि रागही येत होता, कारण हे मी केलं होतं. सगळ्या खोटं वागत होत्या तेव्हा त्यांच्या दारात माणसं होती. मी खरं बोलले आणि दार बंद झालं.

घरी येऊन मी आईला सगळं सांगितलं, काकू डब्याबद्दल काय म्हणाल्या तेसुद्धा. आई तांदूळ निवडत होती. ती काही बोलली नाही. माझ्या आठवणीत आई काही बोलली नाही असं तेव्हा पहिल्यांदा झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिक्सरचा आवाज आला. मी म्हटलं, इडली करतेस का. "गप बस आणि अभ्यास कर," आई म्हणाली. तिने पिठात साखर ढवळली, आपल्या माहेरचा कडीचा डबा काढला, त्यावर तिचं नाव कोरलेलं होतं, आणि तो भरून पदर सारखा करून काकूंच्या फाटकात शिरली. मी मागोमाग गेले. काकू शाळेला निघत होत्या. आई म्हणाली, "पाहुणा मेला नव्हता हो काकू. शेवग्याखाली थोडा राहिला होता, पुन्हा फसफसला. तुम्हाला आणला. डबा माझ्या आईने दिलेला आहे, सावकाश द्या, पण आणून द्या." काकूंनी डबा उघडला. त्यातले मेथीदाणे मला लांबूनही दिसत होते. "चांगलं आलंय," त्या म्हणाल्या. तिथून आई तशीच श्रीवास्तव आंटींच्या दारात. "बहनजी, नया आया है, जर्मनी से." आंटींनी आईकडे पाहिलं, मग काकूंच्या घराकडे. "अच्छा? हमारे लिए भी रखना," त्या म्हणाल्या.

चार दिवसांनी, शुक्रवारी, काकू डबा परत करायला आमच्याकडे आल्या. त्या गल्लीत राहायला आल्यापासून आमच्या घरात त्यांनी पहिल्यांदा पाऊल टाकलं ते तेव्हा. डब्यात आंबवण होतं, आणि त्यावर कागदात बांधलेली दोन फुलं. आईने त्यांना बसवलं, पन्हं दिलं, पुण्याच्या उन्हाळ्याबद्दल विचारलं, साहेबांबद्दल विचारलं नाही. निघताना करंडा आणून कुंकू लावलं, आणि लावता लावताच दूध उतू जातंय म्हणून माझ्यावर खेकसली. काकू खूप वेळ पायऱ्यांवर चपला घालत होत्या. आणि मग काय, पुन्हा बारा डबे. पुन्हा वाळूचा वास, पुन्हा बाबांचं "आजही?" परीक्षा होईपर्यंत, निकाल लागेपर्यंत आम्ही तो पाव खात होतो. सगळ्यांना सगळं माहीत होतं आणि कोणीही काही म्हणत नव्हतं. मी डोक्याला हात लावला होता.

निकाल लागला. मला जबलपूरला जागा मिळाली. टायरवाल्याचा फोटो आईने स्वतः फडताळातून काढला. निघायच्या दिवशी काकू आणि आई दोघी स्टेशनवर आल्या, आणि गाडी सुटता सुटता आईने खिडकीतून तोच माहेरचा डबा आत सारला. मी म्हटलं, हे काय? काकू म्हणाल्या, "लाकडी चमचा आत ठेवलाय." मी एवढी चिडले होते की हात हलवायचंही राहून गेलं. नवं शहर, नवं होस्टेल, आणि मी येणार कशी, तर मांडीवर आंबट पिठाचा डबा घेऊन.

होस्टेलमध्ये दोन्ही बाजूंच्या खोल्यांतून हसण्याचे आवाज यायचे. त्या सगळ्या एकमेकींच्या ओळखीच्या, एकाच गावच्या. मेसमध्ये मी बसले की शेजारची खुर्ची रिकामीच राहायची. दोन दिवस मी कुणाशी एक शब्द बोलले नाही. आईची बडबड कधी ऐकावीशी वाटेल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी डब्याचं झाकण आपोआप वर उचललं गेलेलं दिसलं. जबलपूरलाही उकाडा होता. मी त्याला मनातल्या मनात शिव्या दिल्या, अर्धं पीठ मगमध्ये काढलं, अर्धं डब्यात ठेवलं, डब्यावरचं आईचं नाव पुसून लख्ख केलं आणि शेजारच्या खोलीचं दार वाजवलं. केस धुऊन टॉवेल गुंडाळलेल्या एका मुलीने दार उघडलं. मी डबा तिच्या हातात दिला. म्हटलं, "ये मीठी ब्रेड का है, जर्मनी का. दस दिन संभालना पड़ता है." ती डब्यात बघत राहिली.

"और डिब्बा मेरी माँ का है," मी म्हटलं. "वापस ले आना."